पियानोच्या पोटाखाली

इंटरनेटवर स्वस्त माइकांची तुलना करणारी माणसं मला आवडत नाहीत. पंधरवडाभर मी त्यांचं निमूट ऐकलं आहे, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे. लाकडी फरशी, जाड पडदे, नुकताच सुरात लावलेला ग्रँड पियानो, त्याचं झाकण पूर्ण उघडून टेकूवर ठेवलेलं, आणि समोर एक हसरा माणूस सांगतो की हा माइक कुणालाही परवडेल. त्या माणसाच्या ‘कुणालाही’मध्ये नांदेड येत नाही, हदगाव तर नाहीच. व्हिडिओखाली खरेदीची लिंक असते. तिथून कुणी माइक घेतला की ह्याला कमिशन मिळतं. म्हणून दर आठवड्याला त्याला एक नवा माइक थक्क करून सोडतो. ह्याला परीक्षण म्हणतात. आमच्याकडे ह्याच कामाला दलाली म्हणतात आणि दलालाला निदान कळतं की आपण दलाल आहोत.

मी अशी तोडून बोलते ह्याला कारण आहे. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील नांदेडला छोटा छापखाना चालवायचे. संपाची, मोर्च्याची, सभेची उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायचे. पत्रकात पाल्हाळ चालत नाही. कोण चुकतंय ते पहिल्या ओळीत सांगावं लागतं.

माइक मला हवे होते माझ्या मामेबहिणीसाठी. मामाचं हदगावला खत-बियाण्यांचं दुकान आहे. ही शाळेसाठी आमच्या घरी नांदेडला राहिली आणि आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका निवृत्त बाईंकडे पियानो शिकली. बाईंचा पियानो भिंतीला लावून ठेवायचा, उभा, जुना. पुढे बाई मुलाकडे नाशिकला गेल्या आणि वाळवीनं पोखरलेला तो पियानो भंगारात गेला. तेव्हापासून ती विजेवरच्या कीबोर्डवर सराव करायची. बारावी झाल्यावर तिनं दक्षिणेतल्या एका संगीत महाविद्यालयात अर्ज केला. त्यांची अट सरळ होती. खऱ्या पियानोवर दोन रचना, एकीपाठोपाठ, मधे काटछाट नाही, बोटं दिसली पाहिजेत आणि आवाज स्वच्छ. कीबोर्ड चालणार नाही. रेकॉर्डिंग पसंत पडलं तर ते बोलावणार होते. नाही पडलं तर मामानं फार्मसीचा फॉर्म आणून ठेवलाच होता.

मामा वाईट माणूस नाही. तो म्हणाला, “रेकॉर्डिंग पाठीव. त्यांनी बोलावलं तर बघू. न्हाई बोलावलं तर मग माझं ऐकायचं.” त्यातल्या ‘बघू’कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मोहल्ल्यातल्या सभा आणि पथनाट्यं मी रेकॉर्ड करते, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं की ताईला माइकातलं कळतं. माझ्याकडे एकच माइक होता, सभेत हातात धरतात तो, जाळीच्या गोल डोक्याचा. तो तोंडाजवळ धरला की बरा. हातभर लांब गेला की त्याला काही ऐकू येत नाही. पियानो तोंडाजवळ धरता येत नाही.

दुसरा माइक नांदेडच्या बाजारातल्या एका दुकानातून घेतला. सोनेरी, जाडजूड, मनगटाएवढा. दुकानदार म्हणाला, मुंबईच्या स्टुडिओत हाच असतो. घरी आणल्यावर मी त्याची जाळी उघडली. एवढ्या मोठ्या पिंपात आवाज पकडणारी चकती तुरीच्या डाळीएवढी. तशीच चकती मोबाइलच्या पन्नाससाठ रुपयांच्या हेडफोनमध्ये असते. बाकी सगळं पत्रा आणि सोनेरी रंग. मी तो परत घेऊन गेले तर दुकानदार माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, “मॅडम, आत उघडून कशाला बघायचं? ऐकायची वस्तू हाय ती.” परत घेतला नाहीच.

तिसरी होती जोडी, पेन्सिलीसारख्या बारीक दोन माइकांची. उदगीरचा एक तरुण कीर्तनं रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकतो, त्याच्याकडून उसनी आणली. जोडी म्हणायची, पण त्यातला एक सतत बारीक सूं सूं करायचा. तो म्हणाला, “अक्का, ह्यानं टाळ लई साफ येतो. पियानोचं मला ठाव न्हाई.” निघताना त्यानं सल्ला दिला की वरून थोडा इको टाका, इकोशिवाय लोक ऐकतच न्हाईत. आमच्या भागात लग्न, प्रवचन, शोकसभा, सगळीकडे तोच इको. मेलेल्या माणसाचं नावसुद्धा तीनतीनदा ऐकू येतं. मला त्याचीही चीड आहे, पण त्यानं माइक फुकट दिले होते, म्हणून गप्प बसले.

आता पियानो. आमच्या माहितीत एकच ग्रँड पियानो होता, लातूरला, एका मोठ्या कोचिंग क्लासच्या सभागृहात. बहिणीच्या मैत्रिणी डॉक्टर व्हायला तिथं शिकतात, त्यांनी फोटो पाठवला होता. फोन करून करून परवानगी मिळवली. रविवारी दुपारी, सकाळची टेस्ट सुटल्यावर आणि पुढची बसायच्या आत.

मामा हदगावहून पहाटे आला. आम्ही तिघं एसटीनं निघालो, लोहा, अहमदपूर, चाकूर करत. मांडीवर माइकची पिशवी, पायाशी स्टँड. कंडक्टरनं विचारलं की कुणाचं लग्न आहे. बहीण खिडकीच्या दांडीवर बोटं चालवत बसली होती.

लातूरच्या त्या क्लासचा रस्ता विचारावा लागत नाही. स्टँडपासूनच प्रत्येक खांबावर मुलांचे चेहरे सुरू होतात. चेहऱ्याखाली मार्क, मार्कांच्या वर सरांचा हसरा फोटो, मुलांच्या चौपट. सरांनी कुठली परीक्षा दिली होती ते मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं. सोळासतरा वर्षांच्या पोरांची टाळकी अशी टमाट्यासारखी मांडून ठेवलेली मला बघवत नाहीत. मामा मात्र प्रत्येक फ्लेक्स थांबून वाचत होता.

सभागृह गार होतं. क्लासच्या मॅनेजरनं दिवे लावले आणि मंचाच्या डाव्या अंगाला तो दिसला. काळा, लांबलचक, अगदी खरा. बहीण तिथंच थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती ग्रँड पियानो समोर बघत होती आणि त्याच्या झाकणावर फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पुतळा होता. छातीपर्यंतचा, पांढरा, चांगला वजनदार. गळ्यात चंदनाचा हार, खाली ‘सरांचे पूज्य वडील’ अशी पाटी. पुतळ्यापुढे पाट, पाटावर समई, आजूबाजूला ट्रॉफ्या.

पियानोचा आवाज झाकणाखालून बाहेर येतो. म्हणून तर ते उघडतात. इथं झाकण उघडायचं तर सरांचे वडील उतरवावे लागणार होते.

मी मॅनेजरला म्हटलं, आपण चौघं मिळून पुतळा तासाभरासाठी टेबलावर ठेवू.

“ते न्हाई हलत, मॅडम.”

“चिकटवलाय का?”

“चिकटवला न्हाई. पण बसवलाय.”

मग त्यानं सगळं सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं. सभागृहाच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. सरांच्या वडिलांच्या पुतळ्याचं अनावरणही त्यांच्याच हातनं व्हायचं होतं. पण दगडी चौथरा वेळेत आला नाही आणि मंत्री मात्र आले. सपाट, मजबूत, मंचावर शोभेल असं दुसरं काहीच नव्हतं. म्हणून पुतळा तात्पुरता पियानोवर ठेवला, वर मखमल टाकली, मंत्र्यांनी दोरी ओढली, पूजा झाली. चौथरा पुढच्या आठवड्यात आला. तो अजून मागच्या खोलीत उभा आहे, त्यावर झेरॉक्सचे कागद ठेवतात. कारण एकदा पूजा झाल्यावर पुतळा उचलायचा कुणी आणि पुन्हा मंत्री आणायचा कुठून?

वाद्य कशासाठी घेतलं होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, “मोठ्या शहरातल्या हॉटेलात सरांनी बघितला होता. स्टेज भरल्यावाणी वाटतं.”

कुणी वाजवतं का, हे विचारलं नाही. उत्तर पट्ट्यांवरच होतं. पट्ट्यांवरचं पुढचं छोटं झाकण वर केलं तर प्रत्येक पट्टीवर हळद-कुंकवाचं बोट. खंडेनवमीला क्लासमधलं प्रत्येक यंत्र पुजतात, त्यात प्रोजेक्टर, जनरेटर, पाण्याचा कूलर आणि हा. ओलं कुंकू पट्ट्यांच्या फटींत उतरून वाळलं होतं, मधल्या दोन पट्ट्या दाबल्या की खालीच राहायच्या. एका कोपऱ्याचं लाकूड उडालं होतं. तिथं नारळ फोडला होता. वाद्यासमोर नाही, वाद्यावर. मॅनेजर म्हणाला की पहिल्याच फटक्यात फुटला.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बहिणीनं केसातली पिन काढली आणि फटींतलं कुंकू खरवडायला बसली. मामानं खिशातला रुमाल ओला करून तिला दिला. अडकलेल्या पट्ट्या सुटल्या. तिनं एक सूर लावला, मग दुसरा. पियानो किंचित उतरलेला होता, पण जिवंत होता. तिचा चेहरा बघून मी माझं भाषण गिळलं.

मी माइक मांडले. आधी बाहेर, पियानोच्या उजव्या अंगाला, जिकडं झाकण उघडलं असतं तिकडं. हेडफोन लावून ऐकलं. सभेच्या माइकातून फक्त ठोके आले, कुणीतरी शेजारच्या घरात पाटा-वरवंटा चालवावा तसे. सोनेरी पिंपातून पियानोपेक्षा एसी जास्त ऐकू आला. एसी बंद करायला लावला तर पिंपाची स्वतःचीच खरखर उरली. बारीक जोडीत सूर होते, पण गोधडीत गुंडाळलेले. वरचे सगळे सूर बोथट. अशी तुलना कुठल्या व्हिडिओत नव्हती. पुतळ्याखालच्या पियानोला कुठला माइक परवडतो हे त्या हसऱ्या माणसाला कुणी विचारलंच नसणार.

“हे पाठवता यायचं नाही,” मी म्हटलं.

बहिणीनं वाकून खाली बघितलं. “ताई, खालून काय झाकण हाय का ह्याला?”

खालून झाकण नव्हतं. खालून पियानो उघडाच असतो, आडव्या दांड्यांच्या मधे ती मोठी लाकडी फळी, जी तारांबरोबर थरथरते. मी गुडघ्यांवर बसून आत शिरले आणि तिथं मला ह्या सभागृहाचं खरं पोट दिसलं. गुटख्याच्या पुड्या. दांड्यांना चिकटवलेलं च्युइंगम, थरावर थर. वाळलेला झेंडू. गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेच्या गुंडाळ्या, एकीवर फक्त ‘आई मला घरी यायचंय’ असं पेनानं खोल कोरलेलं. वर मंत्र्यांच्या हातचे वडील, हार, समई. खाली थुंकी आणि हे. तो कागद मी खिशात टाकला, बाकीचा कचरा हातानंच बाहेर लोटला. मॅनेजर म्हणाला, “राहू द्या हो मॅडम, खाली कोण बघतंय?”

मग पुन्हा सगळी तुलना, पोटावर पालथं पडून. सभेचा माइक फळीच्या अगदी जवळ नेला, तरी सूर कापडातून गाळल्यासारखा. सोनेरी पिंप खर्जावर फुगून बसला, डाव्या हाताचं सगळं एकच घोंगावणं. आणि ती उदगीरची बारीक जोडी. एक खर्जाच्या दांडीखाली, एक वरच्या सुरांखाली, मामाच्या घडी केलेल्या उपरण्यावर नुसती आडवी ठेवली. बहिणीनं एक सूर लावून पट्टी दाबून धरली. हातोडी तारेला लागली ते कळलं, मग सूर, मग सूर विरत विरत पार संपेपर्यंत. सूं सूं होती, पण सुराच्या मागे. खर्ज थोडा जड येत होता, ते चालण्यासारखं होतं. मी खालूनच सांगितलं, हीच.

मोबाइल स्टँडवर लावला, तिची बोटं दिसतील असा. पुतळ्याचा फेटा चौकटीत येत होता, त्याला इलाज नव्हता. तिनं हात पुसले आणि सुरू केलं.

पहिली रचना संथ होती. मी हेडफोन लावून मंचाच्या कडेला बसले होते. मामा पहिल्या रांगेत, हात गुडघ्यांवर, दुकानात पावसाळ्याआधी बसतो तसा ताठ. ती चांगलं वाजवत होती. माझ्यासारखीलाही कळत होतं.

रचना संपली, सूर विरायला लागला, आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. मागच्या दारातून सर आले होते, खांबांवरचे तेच. बरोबर फोटोग्राफर आणि त्यांच्यापुढे मॅनेजर, हातात तबक. तबकात शाल, नारळ, गुच्छ. त्या इमारतीत कुणीही काही संपवलं की सत्कार होतो, म्हणून तबक कायम भरलेलंच असतं. मी उठून दोन्ही हात हलवले. फोटोग्राफरला वाटलं मी जागा दाखवतेय, त्यानं मान डोलावली आणि तिथं जाऊन उभा राहिला.

मी पुढे झाले. बहिणीनं माझ्याकडे बघितलं, मान एकदाच बारीक हलवली, नाही म्हणून, आणि दुसरी रचना सुरू केली.

ही वेगाची होती. सर मंचावर चढले, तिच्या मागे गेले आणि तिच्या खांद्यांवर शाल घातली. ती वाजवत राहिली. फ्लॅश उडाले. गुच्छ मॅनेजरनं तिच्या मांडीवर ठेवला. सरांनी नारळ पुढे केला, तिचे दोन्ही हात पट्ट्यांवर, मग एक क्षण नारळ धरून ते तसेच थांबले आणि शेवटी त्यांनी तो झाकणावर ठेवला, स्वतःच्या वडिलांशेजारी. हेडफोनमध्ये तो धप्प करून आला. तिनं एकही सूर सोडला नाही. शाल एका खांद्यावरून घसरत होती, ती तशीच शेवटापर्यंत गेली.

संपल्यावर सरांनी विचारलं, “कुठल्या बॅचची?”

“बॅचची न्हाई. हदगावची.”

“आमच्या हॉलमध्ये वाजवलं, म्हणजे आमचीच.”

मी त्यांना सांगितलं की हे रेकॉर्डिंग होतं, तिच्या प्रवेशाचं होतं, आणि तुम्ही त्यात नारळ ठेवला. ते प्रेमानं हसले. “शुभच झालं की मग.” पुन्हा वाजवायला वेळ मागितला तर पुढच्या टेस्टची पोरं दारात रांगेनं उभी होती, माना खाली, हातात पॅड. त्यांना बघून मला पुढं भांडता आलं नाही.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, हे पाठवायचं नाही. काटछाट करता येत नाही, आणि हे असं गेलं तर तिकडचे लोक हसतील.

“बोटं दिसतात ना?” ती म्हणाली.

“दिसतात.”

“आवाज साफ हाय?”

“एक धप्प आहे.”

“मग पाठव. परत गेलो तर हार घालतील.”

पुढच्या बाकावरून मामा म्हणाला, “शाल चांगली हाय पण. जाड हाय.”

पाठवलं. काही आठवड्यांनी बोलावणं आलं, ती आईबरोबर जाऊन वाजवून आली, आणि त्यांनी तिला घेतलं. त्यांनी सांगितलं की रेकॉर्डिंगमध्ये खर्ज जड होता, पण हाताचा स्पर्श ऐकू येत होता. धप्प कसला हेही विचारलं. तिनं खरं सांगितलं. ते हसले नाहीत म्हणे.

आणि मग मामाचं ते ‘बघू’ बाहेर आलं. पत्र आलं, फोन आला, तरी तो म्हणायचा की लई लांब हाय, भाषा येगळी हाय, पियानो वाजवून पोरगी खाणार काय. मी दोन रविवार हदगावला जाऊन वाद घातला. मुलीनं काय शिकायचं हे तिनं ठरवायचं, हे मी त्याला माझ्या सगळ्या ताकदीनिशी सांगितलं. तो म्हणाला, “भाचीबाई, तुमचं बोलणं छापल्यासारखं असतंय. वाचायला बरं वाटतं.” फी भरायची मुदत जवळ येत होती. बहिणीनं खाणं कमी केलं होतं.

निवडीची बातमी तिच्या मैत्रिणींकडून क्लासपर्यंत पोहोचली असणार, कारण अशातच लातूरला फ्लेक्स लागला. तिच्या मैत्रिणींनी फोटो पाठवला. चौकात, दुमजली उंच. खांद्यावर शाल, मांडीत गुच्छ, बोटं पट्ट्यांवर. मागे सर, चौपट. खाली लिहिलं होतं की आमचा क्लास आता संगीतातही अव्वल, आमच्या विद्यार्थिनीचं हार्दिक अभिनंदन. ती त्या क्लासला एक दिवस गेली नव्हती. तिनं तिथं शिकलेली एकमेव गोष्ट म्हणजे पिनेनं कुंकू खरवडणं. खोटं, आणि इतकं मोठ्या अक्षरांत.

मामानं तो फोटो गावात सगळ्यांना पाठवला. दुकानात येणारे लोक त्याचं अभिनंदन करायला लागले. दुसऱ्या दिवशी तो मला फोनवर म्हणाला, “लातूरला जाऊन यायचं. तू बी चल.”

आम्ही गेलो. तो फ्लेक्सखाली उभा राहिला, इस्त्रीचा सदरा, केस पाण्यानं बसवलेले. इतक्या दिवसांत माझ्या एकाही वाक्यानं जे झालं नव्हतं, ते ह्या खोट्या कापडानं केलं होतं, आणि त्याची मला त्या पियानोखालच्या पुड्यांइतकीच किळस येत होती. खरं सांगावं म्हणून मी म्हटलं, “मामा, ती ह्यांची विद्यार्थिनी नाही. हे खोटं आहे.”

“ठाव हाय मला. मी होतो की तिथं.” त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. “तू काढ. क्लासचं नाव पूर्ण आलं पाहिजे.”

मी मागं सरकत सरकत रस्त्याच्या मधोमध गेले. रिक्षावाले ओरडत होते. नाव पूर्ण आलं, सर आले, शाल आली, खाली मामा आला, इवलासा. मी फोटो काढला. त्यानं तो बोटांनी मोठा करून बघितला, मान हलवली, आणि तिथंच फूटपाथवर उभा राहून त्याच मोबाइलवर तिची फी भरून तिच्या दक्षिणेकडच्या गाडीचं तिकीट काढायला लागला.